शब्दचर्चा: पाणबुडी सुरुंग टाकते, सोडते, लावते की पेरते?

प्रश्न: पहिल्या महायुद्धातल्या जर्मन ‘यूसी’ पाणबुड्यांवर लेख लिहितो आहे. एका वाक्यापाशी गाडी अडलीय: ‘या पाणबुडीने सहा नळ्यांतून बारा सुरुंग टाकले.’ टाकले, सोडले, लावले की पेरले? शिवाय नुसता ‘सुरुंग’ चालेल का?

प्रतिसाद: नुसता सुरुंग म्हटलं की आपल्याकडे आधी विहीर नाहीतर दगडाची खाण आठवते. गडचिरोलीच्या बातम्यांमुळे भूसुरुंग रुळला, तसा समुद्रातला तो पाणसुरुंग. हिंदी मजकूर समोर ठेवून लिहीत असाल तर जपून. तिथे सुरंग म्हणजे बोगदासुद्धा. अर्थात आपलाही शब्द त्याच वाटेने आलाय. तटाखाली भुयार खणून त्यात दारू ठासायची आणि बुरूज उडवायचा, ही सुरुंगाची जुनी रीत. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेने चाकणचा बुरूज असाच उडवला. भुयार मागे पडलं, स्फोटकाला नाव राहिलं.

प्रतिसाद: क्रियापद ठरवण्याआधी त्या बोटीत काय घडायचं ते बघा. पहिल्या यूसी बोटी जेमतेम ३४ मीटर लांब, माणसं १४. पाणतीर (टॉर्पेडो) एकही नाही. हत्यार म्हणावं तर सुरुंग, आणि जोडीला एक मशीनगन. बोटीच्या अंगातून आरपार गेलेल्या सहा तिरक्या नळ्या, वर-खाली उघड्या, कायम पाण्याने भरलेल्या. प्रत्येकीत दोन सुरुंग. ते भिजतच राहायचे आणि प्रवासात त्यांच्यापर्यंत हात पोचत नसे. त्यामुळे सुरुंग पाण्याखाली किती खोल तरंगायला हवा हे बंदरातच ठरवून ठेवावं लागे. पुढे भलत्याच खोलीच्या जागी जाऊन पोचलात तर इलाज नाही. माझ्या मते या बोटींचं सगळ्यात मोठं दुखणं हेच.

सुरुंग सुटला की आपल्या नांगरासकट तळाशी जाऊन बसे. दोघांना बांधून ठेवणारी खुंटी पाण्यात विरघळणारी असे. ती विरघळेपर्यंत बोटीने तिथून सटकायचं. मग सुरुंग नांगराची तार ओढत वर येई आणि ठरल्या खोलीवर थांबे. त्याच्या अंगावर शिशाची शिंगं, शिंगात काचेची नळी. जहाज घासलं की शिंग वाकतं, काच फुटते, आतलं द्रावण खाली उतरून विजेचा घट चालू होतो आणि स्फोट. म्हणून ‘पेरणे’च. टाकलेली वस्तू टाकून मोकळं होता येतं, ही मागाहून वर येते.

प्रतिसाद: पेरणे फारच शेतकी वाटतं हो. ‘सोडले’ काय वाईट?

प्रतिसाद: सोडतात तो पाणतीर, समोरच्या जहाजावर नेम धरून. सुरुंगाला नेम नसतो, आपलं-परकंही कळत नाही. ऑगस्ट १९१७ मध्ये यूसी-४४ आयर्लंडच्या वॉटरफर्डजवळ जर्मन सुरुंगावरच गेली. ‘लावणे’ मात्र बाद करा. सुरुंग लावणे म्हणजे कुणाच्या तरी बेताला!

प्रतिसाद: एक पोटप्रश्न. ‘जर्मन पाणबुडीने हॅम्पशायर बुडवली’ असं लिहिलेलं दिसतं. यू-७५ ने स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांच्या पश्चिमेला सुरुंग पेरले मे १९१६ च्या अखेरीस. लॉर्ड किचनरला रशियाकडे घेऊन निघालेली हॅम्पशायर ही ब्रिटिश युद्धनौका ५ जूनला वादळात त्यावर आदळली. वाचले फक्त बारा, किचनर गेला. (कर्झनशी भांडलेला हिंदुस्थानचा सरसेनापती तो हाच.) तोवर यू-७५ तिथे नव्हतीच. अशा वेळी ‘बुडवली’ म्हणावं का?

प्रतिसाद: ‘यू-७५ ने पेरलेल्या पाणसुरुंगावर आदळून बुडाली’ असं लिहा. लांबतं खरं, पण ‘बुडवली’ म्हटलं की वाचकाला पेरिस्कोपला डोळा लावून बसलेला कप्तान दिसतो. नोव्हेंबर १९१६ ला ग्रीसच्या केआ बेटाजवळ बुडालेल्या ब्रिटानिक या रुग्णालय-जहाजाचंही तेच. सुरुंग यू-७३ चा, पण पेरलेला आधीच. आणि हो, यू-७३ आणि यू-७५ या ‘यूसी’ नव्हेत. त्या मोठ्या, सुरुंग आत कोरडे ठेवून शेपटाकडच्या आडव्या नळ्यांतून बाहेर काढणाऱ्या. एकाच परिच्छेदात कालवू नका.

प्रतिसाद: मुंबईजवळही पेरणी झाली होती. १९१७ च्या जूनमध्ये ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईच्या समुद्रात बुडालं ते जर्मन सुरुंगानेच. पण पेरणारी पाणबुडी नव्हती, ‘वोल्फ’ नावाचं व्यापारी जहाजाच्या सोंगातलं लढाऊ जहाज होतं. तेव्हा ‘सुरुंगपेरी’ हे विशेषण दोघांना चालेल: सुरुंगपेरी पाणबुडी, सुरुंगपेरं जहाज.

प्रश्नकर्ता: सुरुंगपेरी घेतो. वाक्य असं केलंय: ‘या सुरुंगपेऱ्या पाणबुडीने सहा नळ्यांतून बारा पाणसुरुंग पेरले.’

प्रतिसाद: ‘सुरुंगपेऱ्या पाणबुडीने’ हे रूप बरोबर आहे. पण एका वाक्यात दोनदा पेरणी नको. ‘सुरुंगपेरी’ शीर्षकात घ्या, वाक्यात नुसती पाणबुडी पुरे.