मदत हवी आहे : कसरती मॉडेल विमानाच्या शेपटीत मुरणाऱ्या एरंडेलाचे काय करावे?

नमस्कार. मी बेळगावचा. उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि गेली सहा वर्षे रेडिओने चालणारी विमाने स्वतः बांधून उडवतो. आम्ही चौघे जण सांब्रा विमानतळापासून बरेच दूर, खानापूर तालुक्यातील एका शेतात, भातकापणी झाल्यावर मालकाच्या परवानगीने दर रविवारी जमतो. आमच्या चौघांच्या अनुभवातून न सुटलेला एक प्रश्न जाणकारांपुढे मांडत आहे.

विमान बाल्सा लाकडाचे आहे. पंख खालच्या बाजूस, त्यांचा विस्तार सुमारे दीड मीटर, रिकाम्या टाकीसह वजन अडीच किलो. इंजिन ४६ आकाराचे, म्हणजे साडेसात सीसीचे टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या प्लगने इंधन पेटवणारे). इंधनात ७५ टक्के मिथेनॉल, ५ टक्के नायट्रोमिथेन आणि २० टक्के तेल असते. त्या तेलात निम्मे एरंडेल आणि निम्मे सिंथेटिक. मोटारीच्या इंजिनाप्रमाणे यात तेल साठून फिरत राहत नाही. ते इंधनाबरोबरच आत येते, बेअरिंग आणि पिस्टनला वंगण पुरवते आणि बहुतांशी न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडते. एका उड्डाणात २५० मिलिलिटर इंधन संपते, म्हणजे ५० मिलिलिटर तेल बाहेर येते. रविवारची सहा उड्डाणे धरली तर पाव लिटरहून अधिक. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांनाही एरंडेलाचेच वंगण असे आणि ते तेल वैमानिकाच्या अंगावर उडत असे, तेव्हा आपली तक्रार काही नवी नाही. लहानपणी ज्या एरंडेलासाठी आई नाक दाबून धरत असे, तेच मी आता पदरचे पैसे मोजून आणतो, हे ती अजून दर रविवारी ऐकवते.

इंधनातील तेलाचे प्रमाण कमी करावे, हा सल्ला कृपया देऊ नये. मिश्रणात इंधन थोडे कमी आणि हवा जास्त झाली आणि इंजिन तापले, तरी एरंडेलाचा थर धातूला धरून राहतो. त्याच्या भरवशावर माझे बेअरिंग चार हंगाम टिकले आहे. विजेच्या मोटरकडे वळावे, हाही सल्ला मित्रांनी देऊन झाला आहे. तो योग्य असेलही, परंतु मला इंजिनच हवे आहे.

बाहेरून बसणाऱ्या तेलाची मला फारशी चिंता नाही. सायलेन्सर विमानाच्या उजव्या अंगाला आहे, तरी तेल पोटाखालून वळसा घेऊन डाव्या बाजूने वर चढते आणि उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर बसते, कारण पंख्यामागचा वारा सरळ न जाता धडाभोवती पिळा घेत मागे जातो. त्यावर शेतातील तांबडी धूळ चिकटली की विमान शेणाने सारवल्यासारखे दिसते. भांड्यांचा साबण, पाणी आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल एकत्र करून फवारले आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पुसले की वीस मिनिटांत ते निघते. हे काम घरी आणण्यापेक्षा शेतातच उरकावे, कारण तेल वाळून चिवट झाले की फडके निरुपयोगी ठरते.

माझी खरी अडचण आतली आहे. जानेवारीपासून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा आडव्या शेपटीचा हलता भाग) एकाएकी हळवा झाला. स्नॅप रोल (झटक्यात घेतलेली गिरकी) जिथे थांबवायचा तिथे थांबेना, अर्धा फेरा पुढे जाऊ लागला. सर्व्हो (शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि दांडे तपासले, त्यांत दोष नव्हता. शेवटी विमान दोन बोटांवर तोलून पाहिले, तेव्हा गुरुत्वमध्य नोंदवहीतील खुणेपेक्षा सहा मिलिमीटर मागे सरकलेला आढळला. शेपटी गुरुत्वमध्यापासून ८० सेंटिमीटरवर आहे, तेव्हा अडीच किलोच्या विमानात एवढा फरक पडायला तिथे केवळ २० ग्रॅम वजन वाढणे पुरते. आडव्या शेपटीच्या सांध्याजवळची फिल्म (लाकडावरचे प्लॅस्टिकचे पातळ आवरण) सोलली, तर पांढरे बाल्सा काकवीच्या रंगाचे झाले होते आणि नखाने दाबताच तेलाची रेष चमकून वर येत होती. बाहेरची फिल्म मात्र कडेपर्यंत घट्ट चिकटलेली होती.

फिल्म शाबूत असताना हे तेल आत आले कोठून? मुरलेले तेल काढता येईल का, की शेपटी कापून नवी बसवावी? आणि तेल काढल्यावर त्या लाकडाला डिंक धरेल का? (आमच्याकडे कोणत्याही गोंदाला डिंकच म्हणतात, मला इपॉक्सी अभिप्रेत आहे.)

प्रतिसाद, निपाणीहून :

आपले वर्णन नेमके आहे, त्यामुळे एक शंका थेट मांडतो. हे तेल बाहेरून मागे गेलेले नसून नाकातून धडाच्या आतून मागे गेले असावे. इंधनाच्या नळ्या आणि थ्रॉटलचा दांडा फायरवॉलमधील (इंजिन जिच्यावर बसते त्या नाकाकडच्या आडव्या फळीतील) ज्या भोकांतून जातात, ती आपण बंद केली आहेत का? कार्ब्युरेटरमधून उलट उडालेले थेंब आणि भरताना ओघळलेले इंधन तिथून टाकीच्या कप्प्यात शिरते. साध्या उड्डाणात ते तिथेच साचून राहते, परंतु कसरतींत आपण विमान सरळ वर नेता, तेव्हा धड म्हणजे उभा पाइप आणि शेपटी त्याचा तळ होतो. मिथेनॉल वाटेत उडून जाते आणि एरंडेल तेवढे तळाशी मुरते.

खात्री करणे सोपे आहे. पंख काढून धडाच्या तळाशी, टाकीच्या मागे आणि शेपटीच्या अलीकडे, पांढऱ्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि फक्त उभ्या चढाईची दोन उड्डाणे करावीत. मात्र त्याआधी नाकात शिसे घालून गुरुत्वमध्य जागेवर आणावा. शेपटी जड असताना प्रयोग करू नये. टाकीच्या बुचाचा स्क्रूही पाहून घ्यावा. टाकीला सायलेन्सरचा दाब जोडलेला असतो, त्यामुळे बूच किंचित सैल असले तरी गळते.

प्रतिसाद, चंदगडहून :

दादा, शेपटी लगेच कापू नका. फिल्म पूर्ण सोला, लाकडावर मक्याच्या पिठाचा जाड थर द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी पीठ पिवळसर दिसेल, ते झटकून नवा थर द्या. मला असे पाच वेळा करावे लागले होते. मधूनमधून टिश्यू ठेवून त्यावरून कोमट इस्त्री फिरवली की खोलवरचे तेल वर येते. इस्त्री फार तापवू नका. अखेरीस आयसोप्रोपिलने पुसून दिवसभर वाळवा. सांध्याला झटपट सुकणारा सायनो (सुपरग्लूसारखा गोंद) वापरू नका, तेलकट लाकडात तो वरवरच बसतो. तीस मिनिटांचे इपॉक्सी घ्या आणि त्याआधी पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून कोरे लाकूड दिसू द्या. नख दाबल्यावर तरीही रेष चमकली, तर मात्र तेवढा तुकडा कापून बदला.

धागाकर्ता :

दोघांचेही आभार. निपाणीकरांची शंका खरी ठरली. नाकात ४० ग्रॅम शिसे घालून काल उड्डाणे केली. टाकीमागची पट्टी पूर्ण पारदर्शक झाली होती आणि शेपटीकडील पट्टीच्या खालच्या कडेला बोटभर डाग होता. बाहेरच्या फिल्मच्या सांध्यावर लावलेली तिसरी पट्टी कोरडीच होती. टाकी काढून पाहिली, तेव्हा बूच घट्ट होते, परंतु थ्रॉटलच्या दांड्याचे भोक मी बांधताना सढळ हाताने मोठे पाडले होते आणि फायरवॉलच्या मागच्या अंगाला इपॉक्सीचा हातच दिलेला नव्हता. लेथवर शतांशाची घासाघीस करणाऱ्या माणसाने एवढे ढोबळ भोक ठेवावे, याची लाज वाटली.

आता दांड्यासाठी नायलॉनची बुश खरादली आहे, नळ्यांभोवती सिलिकॉन भरले आहे आणि फायरवॉलला दोन्ही बाजूंनी पातळ इपॉक्सीचे दोन हात दिले आहेत. टाकीच्या कप्प्याच्या तळाशी नाकाच्या बाजूने निचऱ्याचे एक भोक ठेवावे असा विचार आहे, म्हणजे काही शिरलेच तर मागे न जाता खाली ओघळेल. ते भोक वाऱ्याच्या दाबाने उलट तेल आत ओढेल का, हे कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील. शेपटीवर मक्याच्या पिठाचा तिसरा थर आहे. दुसरा थर झटकला तेव्हा तो अजून पिवळाच होता.