मदत हवी आहे: घर राखणारी बंदूक देशही राखते का?

मंडळी, वादविवाद स्पर्धेत 'नागरिकांच्या हाती शस्त्रं असावीत' ही बाजू माझ्या वाट्याला आली आहे. विरोधी बाजू मिळाली असती तर सोपं गेलं असतं, पण चिठ्ठीत निघालं ते निघालं.

टिपणं काढायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. या बाजूचे लोक दोन गोष्टी एका दमात सांगतात: बंदूक असली की घर सुरक्षित, आणि घरोघरी बंदुका असल्या की देश सुरक्षित. पहिलीतून दुसरी कशी निघते?

स्वित्झर्लंडचं नाव सगळे घेतात. तिथे शिपाई रायफल घरी नेतो, खरं आहे. पण ती सैन्याने दिलेली, आधी प्रशिक्षण झालेलं, आणि घरी ठेवायची काडतुसं तर २००७च्या निर्णयानंतर परत घेतली. ब्रिटनची गंमत उलटी. मे १९४० मध्ये, जर्मन आक्रमणाच्या भीतीने, देशरक्षणासाठी स्वयंसेवक हवेत असं रेडिओवर आवाहन होताच माणसांची रीघ लागली, बंदुकाच पुरेनात. पुढे पोलादी नळीला संगीन जोडून भाले केले! (हे माझ्या बाजूने वापरू की लपवू?)

खरी गोची कायद्यात आहे. शत्रू चालून येतोय, संघटित व्हायला वेळ नाही, अशा वेळी लोकांनी आपण होऊन शस्त्रं उचलली तर १९०७चे हेग नियम (जमिनीवरच्या युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम) त्यांना कायदेशीर लढवय्ये मानतात. शस्त्र उघडपणे बाळगायचं आणि युद्धाचे नियम पाळायचे, एवढीच अट. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार ते पकडले गेले तर युद्धकैदी ठरतात. मात्र ही सवलत मुलूख शत्रूच्या ताब्यात जाईपर्यंतच. नंतर जबाबदार प्रमुख हवा, दुरून ओळखू येणारी खूण हवी.

मग ताब्यात गेलेल्या गावात लुटायला घुसलेल्या सैनिकावर घरमालकाने गोळी झाडली, तर ते स्वसंरक्षण की युद्धात सहभाग? जाणकारांनी सांगावं.

ता. क. : एका प्रतिसादामुळे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचं २००९चं मार्गदर्शन सापडलं, आभार. लूट, बलात्कार, खून यांपासून स्वतःचा बचाव म्हणजे युद्धात भाग घेणं नव्हे, असं त्यात आहे. म्हणजे माझ्या दोन मुद्द्यांची फारकत कायद्यानेच करून टाकली! आता देशाचा मुद्दा सोडून नुसत्या घरावर भाषण उभं राहील का? की परीक्षक तिथेच पकडतील?