व्यवस्थापकीय लेखांकन : आधी परीक्षा की आधी कामात बदल?

प्रश्न (जमाखर्च)

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून एका उत्पादन कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. देयके तपासणे, बँकेच्या नोंदींचा मेळ घालणे आणि महिनाअखेरीस खाती बंद करून देणे, यापलीकडे माझे काम सहसा जात नाही. बजेट, खर्चाचे विश्लेषण आणि किंमत ठरवण्यातील सहभाग या कामांकडे वळण्याची माझी इच्छा आहे. त्यासाठी आधी अमेरिकेतील आयएमए या व्यवस्थापकीय लेखापालांच्या संस्थेची सीएमए (सर्टिफाइड मॅनेजमेंट अकाउंटंट) परीक्षा किंवा ब्रिटनमधील सिमा या तशाच संस्थेची परीक्षा द्यावी, की आधी कंपनीतच काम बदलून घ्यावे? नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांचे मत कळल्यास उपकार होतील.

उत्तर 1 (ताळमेळ)

आयएमएच्या सीएमए परीक्षेचे दोन भाग असून प्रत्येक भाग चार तासांचा असतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी 500 पैकी 360 गुण लागतात. सिमाचा मार्ग लांबचा आहे : तीन स्तर, प्रत्येक स्तरावर तीन वस्तुनिष्ठ परीक्षा आणि त्यानंतर त्या तिन्ही विषयांना एकत्र गुंफणारी केस स्टडी. नोकरीबरोबर अभ्यास करणाऱ्याला दोनच भाग सोपे वाटतात. पण एकेका भागाचा अभ्यासक्रम इतका विस्तृत आहे की ही तुलना फसवी ठरते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अनुभवाच्या अटीत दडलेले आहे. आयएमए सलग दोन वर्षांचा अनुभव मागते आणि तो परीक्षेनंतर सात वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो, म्हणजे परीक्षा आधी देण्यास हरकत नाही. तथापि कारकुनी स्वरूपाचे काम त्यात धरले जात नाही. बजेट, अंदाज, विश्लेषण यांसारख्या कामांत स्वतःचा निर्णय वापरावा लागत असेल, तरच तो अनुभव ग्राह्य ठरतो. केवळ बँकेचा मेळ घालत राहिलात, तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदनाम हाती येणार नाही.

उत्तर 2 (शिल्लक साठा)

मी तर म्हणेन, अर्ज भरण्याआधी आपल्याच कारखान्याचे आकडे घेऊन बसा. समजा, स्थिर उत्पादन खर्च (नग कमीजास्त झाले तरी न बदलणारा) महिन्याला 6 लाख आहे आणि 10,000 नग तयार होऊन तेवढेच विकले जातात. म्हणजे प्रत्येक नगावर 60 चा भार पडला. पुढच्या महिन्यात विक्री तेवढीच राहिली, पण उत्पादन 12,000 वर नेले, तर तोच भार 50 वर येतो. न विकलेल्या 2,000 नगांबरोबर 1 लाखाचा स्थिर खर्च साठ्याच्या किमतीत जाऊन बसतो, त्या महिन्याच्या खर्चात धरला जात नाही आणि एकही नग जास्त न विकता नफा 1 लाखाने वाढलेला दिसतो. आर्थिक अहवालाच्या नियमांत हे बसते, परंतु उत्पादन प्रमुखाचा बोनस या नफ्यावर ठरत असेल, तर गोदाम का भरत चालले आहे हे कोणीतरी व्यवस्थापनाला सांगावे लागते. हे सांगणारा माणूस म्हणजेच व्यवस्थापकीय लेखापाल. ते त्याला उत्पादन प्रमुखासमोर बसून सांगावे लागते, ही गोष्ट अभ्यासाच्या साहित्यात फारशी येत नाही.

उत्तर 3 (ताळमेळ)

वरील उदाहरण चोख आहे, मात्र एक मतभेद नोंदवतो. ज्याच्याकडे पदवीखेरीज काही नाही, त्याच्या हाती कोणी सहजासहजी बजेट सोपवत नाही. निदान आयएमएच्या सीएमएचा पहिला भाग उत्तीर्ण झाल्यावर काम मागणे सोपे जाते. त्या भागात नियोजन-बजेट-अंदाज आणि कामगिरीचे व्यवस्थापन या दोन विभागांनाच मिळून 40 टक्के भार आहे, त्यामुळे अभ्यास आणि मागायचे काम एकाच दिशेने जातात.

एक सावधगिरी : भारतातील कॉस्ट अकाउंटंट्स संस्थेचे सदस्यही सीएमए हीच अक्षरे लावतात. ती संस्था 1959 च्या कायद्याखाली चालते आणि वैधानिक कॉस्ट ऑडिटचा (कायद्याने बंधनकारक असलेल्या खर्च-तपासणीचा) अधिकार तिच्या सदस्यांना आहे, अमेरिकी पदनामाने तो मिळत नाही. जाहिरातीतील अक्षरे पाहून शुल्क भरू नये.

प्रश्नकर्ता (जमाखर्च)

दोघांचेही आभार. आमच्याकडे प्रमाणित खर्च (आधी ठरवलेला अपेक्षित खर्च) आणि प्रत्यक्ष खर्च यांतील फरकांचा तक्ता दरमहा तयार होतो, पण त्याखालचा कारणांचा रकाना बहुधा रिकामाच असतो. तो भरण्याचे काम मी या महिन्यापासून मागून घेणार आहे आणि पहिल्या भागाची नोंदणीही त्याच सुमारास करीन. कच्च्या मालाच्या फरकात किमतीचा वाटा आणि वापराचा वाटा वेगळा काढताना खरेदी विभागाकडून नेमकी कोणती माहिती मागावी, हे कोणी सांगू शकेल का?