बेसबॉलच्या इतिहासवाल्यांच्या मासिक बैठकीला काय घेऊन जाऊ? (बजेट ४० डॉलर)

नेपरव्हिलकर
नमस्कार मंडळी. शिकागोच्या पश्चिम उपनगरात राहतो. शेजारच्या आजोबांच्या नादाने इथल्या लायब्ररीत दर महिन्याला भरणाऱ्या बेसबॉल-इतिहासप्रेमींच्या बैठकीला जायला लागलोय. दहा-पंधरा डोकी, बहुतेक सत्तरीपुढची. कॉफी, डोनट, कुणातरी एकाचं भाषण आणि मग वाद. मागच्या महिन्यात १९०६ च्या वर्ल्ड सिरीजवर (हंगामाच्या शेवटची अजिंक्यपदाची मालिका) दीड तास गेला. दोन्ही संघ शिकागोचेच. कब्स त्या हंगामात ११६ सामने जिंकून आले होते आणि तरी मालिका व्हाइट सॉक्सकडून ४-२ सामन्यांनी हरले. एका कब्सवाल्या आजोबांना याचा अजून राग आहे. १९०६ चा!

तर, तिथे पद्धत अशी की दर वेळी एकाने एक जुनी वस्तू आणायची आणि पंधरा मिनिटं तिच्याबद्दल बोलायचं. वस्तू सगळ्यांच्या हातातून फिरते. मार्चमध्ये माझा नंबर आहे. अटी:
- ४० डॉलरच्या आत (बायकोची अट)
- हातात घेता आली पाहिजे
- या म्हाताऱ्यांना सगळं पाठ असतं, त्यामुळे बेब रूथ किती होमरन वगैरे चालणार नाही

शाळेत सॉफ्टबॉल खेळलोय, त्यामुळे अगदीच नवखा नाही. काय नेऊ?

डेट्रॉइटचा_दादा
४० मध्ये काय येणार रे? जरा हात सैल सोड. मी १९३३ चं गाउडी कंपनीचं बेसबॉल खेळाडूचं कार्ड घेतलं साडेतीनशेला, ग्रेडिंग (म्हणजे तज्ज्ञांकडून पारख) करून सीलबंद. आज दुपटीला मागतात, देत नाही. २०२२ मध्ये १९५२ च्या टॉप्सचं मिकी मँटलचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, माहीत आहे ना? कार्ड म्हणजे गुंतवणूक आहे. वहिनींना तसं सांग.

नेपरव्हिलकर
दादा, बजेट ४० आहे. आणि सीलबंद प्लास्टिकच्या पेटीतली वस्तू हातात फिरवून काय कळणार?

पळसुले_काका
मुळात बेसबॉलला इतिहास कसला? इंग्रजांचाच खेळ नाव बदलून खेळतात. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना कुठे झाला? लॉर्ड्सवर नाही, न्यूयॉर्कमध्ये, सप्टेंबर १८४४, अमेरिका विरुद्ध कॅनडा, कॅनडा २३ धावांनी जिंकली. बेसबॉलच्या बॉक्स स्कोअरचा, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याचा, जनक म्हणतात तो हेन्री चॅडविक मूळचा एक्सेटरचा, क्रिकेटवर लिहिणारा वार्ताहर. १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा पहिला उघड व्यावसायिक संघ बांधला हॅरी राइटने. तो शेफील्डचा, पेशाने क्रिकेटपटू. घरातली जुनी बॅट घेऊन जा आणि त्यांना हे सांग. खर्च शून्य.

कोथरूड_ते_कॅन्सस
काका, तुम्ही प्रत्येक धाग्यावर क्रिकेट आणता. मागे प्रेशर कुकरच्या धाग्यावरही आणलं होतं.

पळसुले_काका
तिथे ते समर्पक होतं.

अनघा_एडिसन
रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यावर बोल ना! २००८ मध्ये टीव्हीवरच्या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. दोघंही भालाफेकीवाले, उत्तर प्रदेशचे. आपला माणूस म्हणून तुला शोभेल.

नेपरव्हिलकर
अनघाताई, पहिल्याच दिवशी चार जणांनी मला त्यांच्याबद्दलच विचारलं. सिनेमाही येऊन गेलाय त्यावर. आणि हातात काय देऊ?

फ्रेमाँटचा_फाटका
काहीही कर, सही केलेला चेंडू घेऊ नकोस. इकडे एका जुन्या वस्तूंच्या जत्रेत मला बेब रूथच्या सहीचा चेंडू म्हणून चिकटवला. सोबत सोनेरी शिक्क्याचा दाखला. घरी आणून काचेच्या पेटीत ठेवला, पाहुण्यांना दाखवला, साल्याचं पुढे काय निघालं ते विचारू नका. पैसे परत मागायला गेलो तर तो तंबूच गायब.

जुना_बाजार
फाटके, त्या चेंडूवर छापील नाव कुणाचं होतं? सही नाही, कारखान्याने छापलेलं.

फ्रेमाँटचा_फाटका
वॉरन सी. जाइल्स असं काहीतरी.

जुना_बाजार
मग दाखला बघायचीही गरज नव्हती. अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलच्या, म्हणजे मेजर लीगच्या, नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग. पूर्वी प्रत्येक लीगच्या अधिकृत चेंडूवर त्या लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असायचं. नॅशनल लीगवर १९३४ पासून १९५१ पर्यंत फोर्ड फ्रिक, त्याच्यानंतर जाइल्स. अमेरिकन लीगवर १९३१ ते १९५९ विल हॅरिज. बेब रूथ ऑगस्ट १९४८ मध्ये गेला. जाइल्सचं नाव छापलेल्या चेंडूवर त्याने सही करायची तर स्वर्गातून खाली यावं लागलं असतं. एफबीआयने नव्वदच्या दशकात या खोट्या सह्यावाल्यांच्या मागे ‘ऑपरेशन बुलपेन’ म्हणून अख्खी मोहीम काढली होती, इतका हा धंदा माजला होता.

धागाकर्ते, हे तुमच्यासाठीही: सहीविना जुना अधिकृत चेंडू घ्या. त्याला फार भाव नसतो. नाव वाचून काळ कसा ओळखायचा हे दाखवलंत तरी दहा मिनिटं निघतील. आणखी एक खूण: १९७४ च्या आधीचं वरचं कातडं घोड्याचं, मग गाईचं. चेंडू बनवणारी कंपनी १९७७ पासून रॉलिंग्ज, त्याआधी नॅशनल लीगला स्पॉल्डिंग आणि अमेरिकन लीगला रीच.

फ्रेमाँटचा_फाटका
हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

डेट्रॉइटचा_दादा
म्हणूनच म्हणतो कार्ड घ्या. ग्रेडिंग असलं की फसवणूक नाही.

समीर_सिऍटल
+१ कार्ड.

जुना_बाजार
कार्डातही असते. पण तो वेगळा धागा.

शुभदा_कूपर्सटाउन_रिटर्न्ड
आम्ही मुलांना घेऊन कूपर्सटाउनला गेलो होतो. तिथलं बेसबॉलचं संग्रहालय, हॉल ऑफ फेम, इतकं सुंदर आहे! ॲबनर डबलडेने १८३९ मध्ये तिथेच बेसबॉलचा शोध लावला ना, त्या मैदानावर उभं राहून अंगावर काटा आला. तिथल्या दुकानातून लाकडी छोटी बॅट आणली, वीसेक डॉलरची. ती नेता येईल.

कोथरूड_ते_कॅन्सस
शुभदाताई, काटा परत खाली बसवा. १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होता. बेसबॉलचा उगम शोधायला नेमलेल्या १९०५ ते १९०७ च्या मिल्स समितीने एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर विसंबून हे ठरवलं. खेळ इंग्लंडचा नाही हे कसंही करून सिद्ध करायचंच होतं. स्वतः डबलडे १८९३ मध्ये गेला, आणि आपण असा काही खेळ काढल्याचं त्याने कधी सांगितलं नव्हतं. हॉल ऑफ फेम मात्र १९३९ मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून तिथेच उघडलं.

पळसुले_काका
मी वर हेच म्हणत होतो. चॅडविक शेवटपर्यंत सांगत होता की हा राउंडर्स या इंग्रजी खेळातून आलाय.

शुभदा_कूपर्सटाउन_रिटर्न्ड
असेल. मैदान सुंदर आहे.

आयोवाची_सून
चिखल न्या! खरंच. मेजर लीगचे नवे चेंडू गुळगुळीत असतात, पकड बसत नाही, म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला चिखल चोळतात. हा चिखल डेलावेअर नदीच्या न्यू जर्सीकडच्या बाजूचा, नेमकी जागा गुप्त. १९३८ मध्ये फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा कोच लेना ब्लॅकबर्न याने ही युक्ती काढली. त्याआधी पाणी-माती, तंबाखूचा रस, बुटाचं पॉलिश असले प्रकार चालायचे. डबीत विकत मिळतो. पंधरा मिनिटांत रे चॅपमनची गोष्ट सांगा. १९२० मध्ये क्लीव्हलँडचा हा खेळाडू कार्ल मेजने टाकलेला चेंडू डोक्याला लागून दुसऱ्या दिवशी गेला. चेंडू इतका मळका होता की त्याला दिसलाच नाही असं तेव्हा बोललं गेलं. मळका चेंडू घातक म्हणून स्वच्छ चेंडू आणले आणि मग स्वच्छ चेंडूला पुन्हा माती लावायची वेळ आली.

नेपरव्हिलकर
वा! हे आवडलं. एक डबी मागवतोच बहुतेक.

माधुरी_मिनियापोलिस
बटाटेवडे कर. चिखलापेक्षा बरे. आमच्या बुक क्लबमध्ये मी कांदाभजी नेली होती, त्यानंतर पुस्तक कुणीच वाचून येत नाही.

नेपरव्हिलकर
लायब्ररीत तळलेलं चालत नाही. डोनट चालतात. विचारू नका.

समीर_सिऍटल
+१ वडे.

लायब्ररीवाली_मीनल
मी इलिनॉयमध्येच लायब्ररीत काम करते म्हणून सांगते. शिकागोत राहून मँटल आणि डबलडे काय करताय? रूब फॉस्टर तुमच्या गावचा. शिकागो अमेरिकन जायंट्स चालवायचा आणि फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीला काळ्या खेळाडूंची निग्रो नॅशनल लीग त्यानेच उभी केली. १९३३ पासून काळ्या खेळाडूंचा ईस्ट-वेस्ट सामना शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर व्हायचा. त्याची बातमी, खेळाडूंच्या निवडीची जाहिरात, सगळं ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्रात आलेलं आहे. लायब्ररी कार्ड असेल तर जुने अंक घरबसल्या बघता येतात का ते तुमच्या डेस्कवर विचारा. आमच्याकडे येतात. एक पान मूळ आकारात, जाड कागदावर छापून घ्या. दहा डॉलरच्या आत काम होईल. बॉक्स स्कोअर कसा वाचायचा हे तुमच्या म्हाताऱ्यांना शिकवायला नको, पण त्या पानावर शेजारी काय छापलंय ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. सिनेमाच्या जाहिराती, रेल्वेचं वेळापत्रक, कुणाच्या लग्नाची बातमी. माझ्या अनुभवात लोक तिथेच अडकतात.

आकडे पडताळायला जुन्या सामन्यांच्या नोंदींची ‘रेट्रोशीट’ ही साइट फुकट आहे. १९८९ पासून हौशी लोकांनी जमवलेलं आहे.

डेट्रॉइटचा_दादा
फोटोकॉपी कोण हातात घेणार? वस्तू हवी म्हणालाय तो.

लायब्ररीवाली_मीनल
दादा, तुमचं कार्डही कोण हातात घेणार? पेटीत आहे ना ते?

कोथरूड_ते_कॅन्सस
🙂

अनघा_एडिसन
ही तुमची बैठक म्हणजे सेबरचीच शाखा का? सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च. आमच्या ऑफिसमधला एक जण त्यांचा सभासद आहे, दिवसभर आकडेवारी.

नेपरव्हिलकर
नाही, आमची साधी गावातली आहे. पण निम्मे लोक तिथलेही सभासद आहेत. सेबर १९७१ मध्ये कूपर्सटाउनला सोळा जणांनी सुरू केली हे दर बैठकीत एकदा तरी ऐकायला मिळतं. सेबरमेट्रिक्सचा, म्हणजे आकडेवारीवरून खेळ जोखण्याचा, मात्र आमच्या आजोबांना तिटकारा. ते रुजवणाऱ्या बिल जेम्सचं नाव काढलं की कॉफी आणायला उठतात.

बरं, मी आज ईबेवर एक जुना ग्लोव्ह बघितला. बोटं सुटी सुटी, एकमेकांना दोरीने बांधलेली नाहीत. म्हणजे बराच जुना असणार ना?

जुना_बाजार
जुना असेल, पण घेऊ नका. एक, फोटोत कातड्याच्या भेगा दिसत नाहीत. दोन, माळ्यावर कुजलेल्या ग्लोव्हचा वास कधीच जात नाही. तीन, विकायच्या आधी त्याला तेल चोपडून काळा-चकचकीत केलेला असतो, म्हणजे आतली शिवण मऊ पडलेली. दहा म्हाताऱ्यांनी हात घातला की बोटाची शिवण उसवणार. चेंडू घ्या.

आयोवाची_सून
चिखल.

लायब्ररीवाली_मीनल
डिफेंडर.

पळसुले_काका
बॅट. आणि बार्ट किंग विसरू नका. फिलाडेल्फियाचा, लहानपणी बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. १९०८ मध्ये इंग्लंडला जाऊन तिथल्या गोलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. इंग्रजांना बेसबॉलचा स्विंग दाखवला त्याने.

कोथरूड_ते_कॅन्सस
काका, म्हणजे बेसबॉलने क्रिकेटला काहीतरी दिलं म्हणायचं?

पळसुले_काका
मी तसं म्हणालो नाही.

नेपरव्हिलकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लोव्ह घेतला. पोस्टेज धरून ६५ पडले. (हा धागा बायको वाचत नाही.)

जुना_बाजार
विचारलंत कशाला मग?

नेपरव्हिलकर
सांगतो. उजव्या हातात घालायचा आहे, म्हणजे डावखुऱ्याचा. विकणारा म्हणाला, डावखुऱ्यांचे कुणी घेत नाही म्हणून स्वस्तात दिला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये कातडी पट्ट्यांची जाळी आहे. ही कल्पना सेंट लुईसचा पिचर बिल डोक याची, १९२० पासून रॉलिंग्जने बाजारात आणली. त्याआधी ग्लोव्ह म्हणजे हाताला लागू नये म्हणून घातलेली उशी होती. जाळी आली आणि चेंडू तळहाताऐवजी ग्लोव्हच्या जाळीच्या खोलगट भागात पकडायला लागले. आणि दुसरं, १९५४ पर्यंत क्षेत्ररक्षक आपली पाळी संपली की ग्लोव्ह मैदानातच, गवतावर टाकून जायचे. दुसऱ्या संघाचे लोक त्यातून धावायचे! मग नियम करून बंद केलं. मी आमच्या सभागृहाच्या गालिच्यावर तो तसाच टाकणार आहे आणि बोलताना मुद्दाम त्याच्या आजूबाजूने फिरणार आहे. कब्सवाले आजोबा अडखळले नाहीत म्हणजे मिळवलं.

मीनल, पानही छापून घेतोय, दहा डॉलरचं. चिखल पुढच्या वेळी.

माधुरी_मिनियापोलिस
म्हणजे ७५ झाले. वडे पंधरात झाले असते.

जुना_बाजार
वास येतोय का?

नेपरव्हिलकर
येतोय. गॅरेजमध्ये ठेवलाय.

डेट्रॉइटचा_दादा
डावखुऱ्याचा ग्लोव्ह घेऊन काय पुन्हा विकला जाणार? कार्ड घेतलं असतंस तर

समीर_सिऍटल
+१