चिठ्ठी सगळ्यांनीच टाकावी

मुलांच्या मनावरचा ताण वेळीच कळावा म्हणून शाळेत वर्षातून एकदा समुपदेशकाचं व्याख्यान ठेवलं की झालं, असं काहीजण म्हणतात; ते पटत नाही. भरल्या सभागृहात कुणी हात वर करत नाही. मुख्याध्यापकांच्या दाराजवळची चिठ्ठ्यांची पेटीही रिकामीच राहते, कारण चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. त्यापेक्षा आठवी ते दहावीच्या वर्गांत दर १५ दिवसांनी प्रत्येकाला मनातलं लिहायला सारखी चिठ्ठी द्या. नाव नको, पण भेटून बोलायचं असेल तर हजेरी क्रमांक लिहावा. ज्याला काहीच सांगायचं नाही त्यानेही 'काही नाही' असं लिहून टाकायचं. अहिराणी, म्हणजे आपली खानदेशी बोली, चालेल हे आवर्जून सांगा. 'माले काहीच गोड लागत नही' हे पोर प्रमाण मराठीत लिहीलच असं नाही. पेटी त्याच दिवशी उघडायची.

जिवाचं बरंवाईट करण्याचा सूर दिसला, तर मुलाला एकट्याला बसवून सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही भीती चुकीची आहे. मग शाळेच्याच फोनवरून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलणं करून द्या (मोफत, २४ तास, मराठीतही). आणि पालकांना त्याच दिवशी सांगा, कपाशीच्या फवारणीचं औषध कुलपात ठेवा. आपल्याकडे ते घरात सहज हाताशी असतं, आणि तो आवेग बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो.