अनुभव सांगा: शुगर एकदम उतरली तेव्हा

गेल्या एकादशीला आमच्या अप्पांची शुगर ३८ वर आली. परभणीजवळच्या खेड्यात असतात. सकाळी नवाला डायबिटीसची रोजची गोळी घेतली, पोटात मात्र नुसता बिनसाखरेचा चहा. अकराच्या सुमारास आई म्हणाली, "आज उगंच चिडायलेत." बघते तर सदऱ्याची गुंडी त्यांना लावता येईना. एकच गुंडी दोनदा चुकीच्या काजात घातली. सदरा पाठीला चिकटलेला. आम्हाला वाटलं, उन्हाचा घाम.

गिळता येत होतं म्हणून चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ४४. परत पाजली, ५१. मग वाट न बघता तालुक्याला नेलं, सलाईन लागलं. गोळीत ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारं औषध) होती, तिचा असर लांबतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. संध्याकाळी परत उतरून ६४ झालीच. शुद्धीत आल्यावर पहिलं काय विचारलं, तर "माझा उपास मोडला का?"

तुमच्याकडे काय झालं, कुणाच्या लक्षात आलं, सविस्तर लिहा. ज्याची उतरते त्याला स्वतःला कळतंच असं नाही, घरच्यांनाच ओळखावं लागतं.

बीडहून:
माझ्या मिस्टरांना टाइप १ डायबिटीस आहे, रोज इन्सुलिन लागतं. कापूस वेचणीचे दिवस, दिवसभर रानात, रात्री इन्सुलिन नेहमीएवढंच. पहाटे तीनला जाग आली तर उशी ओलीचिंब, हाक मारली तर ओ नाही. सासूबाई साखरपाणी घेऊन धावल्या, मी त्यांचा हात धरला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, फुप्फुसात जातं. त्यांना कुशीवर वळवलं आणि १०८ ला फोन लावला. त्या वीस मिनिटांत सासूबाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती अजून विसरले नाही. शिरेतून ग्लुकोज गेलं तसे डोळे उघडले. कष्टाच्या दिवसानंतर रात्री उशिरापर्यंत शुगर उतरत राहते, हे तेव्हा समजलं. आता वेचणीच्या दिवसांत डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घेतलंय आणि झोपताना तपासतोच.

लातूरहून:
माझ्या बाबतीत सिरिंजचा घोळ झाला. घरात ४० च्या बाटलीची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट इन्सुलिनवाली, लाल टोपणाची सिरिंज. नवी बाटली आली ती १०० ची, माझ्या ध्यानात आलं नाही. जुन्याच सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं, म्हणजे ५० युनिट गेले! सुनेनं बाटली वाचली म्हणून मी आज लिहितोय. १०० ला नारिंगी टोपणाची लागते.

नांदेडहून:
ताई, तुम्ही लिहिलेले आकडे बघून राहवलं नाही. दोनदा साखर देऊन एवढीच चढली? अप्पांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे का बघा. ती असेल तर साधी साखर लवकर फुटत नाही, मेडिकलमधली ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. आमच्या आईच्या वेळी आम्ही पेढे भरवत बसलो होतो.

परभणीहून, परत:
दादा, आत्ता पाकीट बघितलं. तीन नावं आहेत, तिसरं तेच. भावाला ग्लुकोज आणायला पाठवलंय. एक पुडा देवघराजवळ ठेवते, एक अप्पांच्या पिशवीत.