मायक्रोफायबर टॉवेल खरखरीत झालेत, पाणी ओढत नाहीत. धुण्यात काय चुकतंय?

म्हापसेकर:
गाडी पुसायचे ४०० जीएसएमचे (चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचे) डझनभर टॉवेल आहेत, लेबलवर ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) लिहिलंय. आता काचेवर पाणी नुसतं पसरवतात आणि हाताला झाडूसारखे लागतात. फ्रंट लोड मशीन, पावडर, शेवटच्या पाण्यात कंडिशनर, मग गच्चीवर कडक ऊन. पाणी बोअरवेलचं. पुढे पावसाळाही येतोय. टॉवेल टाकून द्यायचे की वाचतील?

धागादोरा:
बहुतेक वाचतील. आधी सुक्या टॉवेलवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर धाग्यांवर थर बसलाय, आणि पहिला संशय कंडिशनरवर. मायक्रोफायबरचा धागा चिरलेला असतो. त्या चिरांमध्येच पाणी आणि धूळ अडकते. कंडिशनरमधला मेणचट पदार्थ धाग्याला चिकटून राहतो आणि चिरा बुजवतो. सुती कपड्याला त्याने मऊपणा येतो, इथे उलटं होतं. तो कायमचा बंद करा.

थर काढायला बादलीत साधारण ५० अंशांचं पाणी घ्या, म्हणजे हात जेमतेम बुडवता येईल इतकं गरम. १० लिटरला दोन मोठे चमचे पातळ डिटर्जंट घालून टॉवेल तासभर भिजवा, अधूनमधून हलवा. मग मशीनमध्ये ४० अंशांवर साबणाशिवाय धुवा. दारातून फेस दिसला तर जुना साबण अजून निघतोय. फेस थांबेपर्यंत तेच पुन्हा. भांड्यांचा लिक्विड मशीनमध्ये घालू नका, फ्रंट लोड फेसाने अडतं.

एरवी १०-१२ टॉवेलना १५ ते २० मिलि पातळ डिटर्जंट आणि जादा रिन्स पुरे. पावडर थंड पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तिचे कण टॉवेलच्या लूपमध्ये, म्हणजे धाग्यांच्या उभ्या फासांत बसतात. सुती कपडे बरोबर नकोत, त्यांची लव हे टॉवेल घट्ट धरून ठेवतात. मेण किंवा पॉलिश काढलेले टॉवेल वेगळे धुवा, नाहीतर तो तेलकटपणा बाकीच्यांत जातो.

फोंड्याचा पाणीवाला:
बोअरवेलचं पाणी म्हणताय तर आधी तेच तपासा. रात्रभर पारदर्शक बाटलीत ठेवा. काढताना स्वच्छ आणि सकाळी तांबूस गाळ, तर लोह आहे. आपल्या गोव्यातल्या तांबड्या मातीत हे नवल नाही. साबण चटकन फेसाळत नसेल तर पाणी जड आहे: पावडरमधला सोडा कॅल्शियमशी मिळून पांढरा खडूसारखा थर बसवतो, टॉवेल कडक होतो.

दोन्हीवर आम्ल चालतं. शेवटच्या रिन्सला कंडिशनरच्या खणात १०० मिलि पांढरा व्हिनेगर घाला. आपला माडाच्या सुरेचा व्हिनेगर विंदालूसाठी राहू द्या, तो रंगाचा असतो. व्हिनेगर नसेल तर एक चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड पेलाभर पाण्यात विरघळवून. लोहाचे पिवळे डाग असतील तर सायट्रिकच बरं, ५ लिटर कोमट पाण्यात दोन चमचे, अर्धा तास. ब्लीच लावू नका: क्लोरीनने लोह गंजासारखं पक्कं बसतं, शिवाय पॉलिअमाइडही खराब होतं. आणि व्हिनेगर-ब्लीच एकत्र तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

नळाचं पाणी मिळत असेल तर निदान शेवटची रिन्स त्यानेच करा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते तर टाळाच. वाळल्यावर मीठ धाग्यात राहतं आणि हवेतला दमटपणा ओढत बसतं.

धागादोरा:
पाण्याचं पटलं. पण एक फरक लक्षात ठेवा: थर निघतो, वितळलेला धागा परत येत नाही. भिंगातून टोकांना बारीक गाठी दिसल्या तर तो टॉवेल जास्त तापलाय. त्याने रंगावर ओरखडे पडतील, टायरसाठी ठेवा. ड्रायर वापरत असाल तर सगळ्यात कमी उष्णतेवर १५-२० मिनिटं. इस्त्री नाहीच.

म्हापसेकर:
थेंब उभे राहिले, आणि बाटलीच्या तळाला तांबूस गाळही आहे. मग वाळवायचं कसं? ऊन बंद करायचं का? आणि पावसात?

वास्कोची ताई:
तासन्‌तास कडक उन्हात ठेवू नका, पॉलिअमाइड उन्हाने झिजतं. सावली आणि वारा उत्तम. मुळात कडकपणा येतो तो टॉवेल न हलता वाळल्याने: लूप चपटे पडून तसेच सुकतात. म्हणून दोरीवर घालण्याआधी दोन कोपरे धरून जोरात झटका, अर्धवट वाळल्यावर पुन्हा एकदा, आणि पूर्ण वाळल्यावर हाताने चोळून घ्या.

पावसाळ्यात धुणं संपल्यावर पुन्हा एक स्पिन लावा, टॉवेलला सोसेल तितक्या जास्त फेऱ्यांवर. मग खोलीत पंख्याखाली एकेरी पसरा, दोन टॉवेलांत वीतभर जागा. मशीनमध्ये ओले राहू देऊ नका, रात्रीत कुबट वास धरतो. वास लागलाच तर सोडियम परकार्बोनेट (क्लोरीन नसलेली डाग काढायची पावडर) एक मोठा चमचा, ५ लिटर ४० अंशांच्या पाण्यात, तासभर. हे आणि व्हिनेगर एका बादलीत नको, एकमेकांचा परिणाम मारतात.

घडी घालण्याआधी टॉवेल गालाला लावून बघा. गार लागला तर ओलावा आहे, पुन्हा पंख्याखाली. पूर्ण कोरडे झालेलेच झाकणाच्या डब्यात ठेवा, उघड्या फडताळात नको. जांभ्या दगडाच्या चिऱ्याची बारीक धूळ त्यांच्यात लगेच बसते, आणि तीच पुढच्या वेळी गाडीवर रेघा ओढते.